वाचकांचे प्रश्न : जपानी वाद्यवृंद-संचालक आणि ऑपेरा गायिका

मागील अंकात जपानी वाद्यवृंद-संचालक सेइजी ओझावा यांच्यावर आलेल्या टिपणानंतर नाशिकमधून बरीच पत्रे आली. त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : जपानमध्ये स्वतःचे उत्तम वाद्यवृंद असताना ओझावा यांची कारकीर्द अमेरिकेत का घडली? मायदेशी त्यांच्यावर बहिष्कार टाकण्यात आला होता असे ऐकले आहे. ते खरे आहे काय?
— निवृत्त मुख्याध्यापक, गंगापूर रोड

उत्तर : बहिष्काराची गोष्ट खरी आहे, परंतु ती घडण्याआधीच ओझावा बाहेर पडले होते आणि नावारूपाला येऊ लागले होते. त्यांचा जन्म १९३५ साली तेव्हाच्या मांचुरियातील शेनयांग येथे झाला. त्यांना पियानोवादक व्हायचे होते, पण शाळकरी वयात रग्बी खेळताना बोटांना दुखापत झाली आणि ती वाट बंद झाली. मग तोक्यो येथील तोहो गाकुएन या संस्थेत हिदेओ साइतो यांच्याकडे त्यांनी वाद्यवृंद-संचालनाची तालीम घेतली. १९५९ च्या आरंभी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मालवाहू जहाजाने फ्रान्सला निघाले. सोबत एक गिटार होती आणि एका जपानी कंपनीकडून मागून घेतलेली स्कूटर. स्कूटरस्वार जपानी आहे हे लोकांना दिसले पाहिजे अशी कंपनीची अट असल्यामुळे ते गाडीवर राष्ट्रध्वज लावून फिरत. त्याच वर्षी फ्रान्समधील बझांसों येथील संचालकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकली. पुढच्या वर्षी बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचे तेव्हाचे संचालक शार्ल म्युन्श यांच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेत टँगलवूड येथील उन्हाळी संगीतकेंद्रात गेले आणि तेथील कुसेवित्स्की पारितोषिक त्यांना मिळाले. नंतर बर्लिनमध्ये प्रख्यात संचालक कारायान यांच्याकडे शिक्षण आणि १९६१ पासून न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदात त्याचे संचालक बर्नस्टाइन यांचे सहायकपद, असा हा क्रम आहे. इतक्या थोड्या काळात इतके मोठे गुरू लाभणे विरळाच. मात्र त्यांच्यापुढे उभे राहण्याइतकी तयारी साइतोंकडे आधीच झालेली होती, हे विसरता येत नाही.

१९६२ मध्ये जपानमधील अग्रगण्य अशा एनएचके (जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था) सिंफनी ऑर्केस्ट्राने त्यांना काही महिन्यांसाठी बोलावले. सत्तावीस वर्षांचा हा तरुण आणि वयाने, अनुभवाने वडील असलेले वादक यांचे जमले नाही. वाद विकोपाला गेला आणि वर्षअखेरीस वादकांनी त्यांच्या हाताखाली वाजवण्यास नकार दिला. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचा डिसेंबरमधील कार्यक्रम जपानमध्ये जवळजवळ सणासारखा पाळला जातो. तोच कार्यक्रम रद्द झाला. ओझावा ठरल्याप्रमाणे सभागृहात आले आणि रिकाम्या खुर्च्यांच्या रंगमंचावर एकटेच थांबले. पुढील महिन्यात लेखक-कलावंतांनी पुढाकार घेऊन हिबिया येथील सभागृहात दुसऱ्या एका वाद्यवृंदाबरोबर त्यांचा कार्यक्रम घडवून आणला, पण त्यानंतर ते अमेरिकेला परतले. या प्रकरणी सारा दोष वादकांवर टाकण्याची प्रथा आहे. मला ते पूर्ण न्याय्य वाटत नाही. ज्येष्ठतेचा ताठा तेथे होताच, परंतु हाती घेतलेल्या कित्येक रचना ओझावा तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच संचालित करत होते, आणि मुरलेल्या वादकांच्या नजरेतून असे काही सुटत नाही.

पुढे १९६५ मध्ये टोरांटो, १९७० मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि १९७३ ते २००२ अशी सलग एकोणतीस वर्षे बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा त्यांच्याकडे होता. २००२ मध्ये ते व्हिएन्ना स्टेट ऑपेराचे संगीत दिग्दर्शक झाले. असे असले तरी मायदेशाशी त्यांनी नाते तोडले नाही. १९७२ मध्ये न्यू जपान फिलहार्मोनिकच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. साइतो यांच्या निधनाला दहा वर्षे झाली तेव्हा, १९८४ मध्ये, जगभर विखुरलेले त्यांचे शिष्य एकत्र आले. त्यातून साइतो किनेन ऑर्केस्ट्रा उभा राहिला आणि १९९२ पासून मात्सुमोतो या डोंगराळ भागातील शहरात त्याचा वार्षिक महोत्सव सुरू झाला. एनएचके सिंफनीसमोर ओझावा पुन्हा उभे राहिले ते १९९५ च्या जानेवारीत, म्हणजे बत्तीस वर्षांनी. २०२४ च्या फेब्रुवारीत तोक्यो येथे त्यांचे निधन झाले.

प्रश्न : गायकाला तंबोरा लावून रियाज करता येतो. ज्याच्यासमोर वाद्यवृंदच नाही, तो संचालनाचा रियाज कसा करणार? जपानी विद्यार्थी हे कसे साधतात?
— संगीताचा विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : साइतो यांनी आयुष्यभर याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. ते स्वतः चेलोवादक होते. जर्मनीत क्लेंगेल आणि फॉयरमान या चेलोवादकांकडे शिकून आल्यावर ते वाद्यवृंदात वाजवत असत. त्यामुळे संचालकाचा हात संदिग्ध असला की वादकाची किती तारांबळ उडते, हे त्यांनी खुर्चीत बसून अनुभवले होते. संचालकाच्या हाताच्या हालचालींचे त्यांनी सात प्रकार पाडले आणि १९५६ मध्ये त्यांवर पाठ्यपुस्तक लिहिले.

त्यांतील सर्वांत मूलभूत प्रकार असा आहे : हात वर न्यायचा, खांद्यापासून सैल सोडायचा आणि स्वतःच्या वजनाने खाली पडू द्यायचा. समोर एक अदृश्य पृष्ठभाग आहे असे समजून त्याला स्पर्श होताच हात तत्क्षणी उसळला पाहिजे. मात्रा नेमकी कोठे पडली हे शेवटच्या रांगेतील वादकाला दिसते ते त्या उसळण्यामुळे, खाली येण्यामुळे नव्हे. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात दंड आणि मनगट यांतील ताण जाईपर्यंत विद्यार्थ्याला हीच एक क्रिया महिनोन्महिने करावी लागते. तिच्यात थोडे वेग वाढवणे, थोडे रोखणे मिसळले की पुढील प्रकार तयार होतात.

वाद्यवृंदाची उणीव दोन पियानो भरून काढतात. दोन वादक संपूर्ण सिंफनीचा सारांश पियानोवर वाजवतात आणि विद्यार्थी त्यांचे संचालन करतो. हात चुकला की दोघे वेगवेगळे पडतात आणि चूक तेथल्या तेथे उघडी पडते. मात्र हा सगळा बाह्य भाग झाला. वीस-पंचवीस ओळींची स्वरलिपी पाहताच ती मनात ऐकू येणे हा खरा रियाज असून त्याला खोली, कागद आणि वेळ यांपलीकडे काही लागत नाही.

आपण नाशिककर आहात म्हणून एक गोष्ट सहज समजेल. पंचवटीतील आश्रमात विष्णु दिगंबर पलुस्करांनी शिष्य घडवले तसेच साइतो यांनी १९४८ पासून लहान मुलांचा वर्ग चालवून पिढी घडवली, आणि दोन्हीकडे शिस्त कडक होती. ओझावा यांच्याखेरीज पुढे व्हँकूवर सिंफनीचे १९७२ ते १९८५ या काळात संगीत दिग्दर्शक राहिलेले काझुयोशी अकियामा हेही त्याच तालमीतून आले. आपल्याला आरंभ करायचा असेल तर प्रथम एखादे वाद्य उत्तम येऊ द्यावे. वर्षातून शक्य तितक्या वेळा मुंबईला जाऊन एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम ऐकावेत, आणि जागा निवडता आली तर संचालकाचा चेहरा दिसेल अशी बाजूची निवडावी.

प्रश्न : या क्षेत्रात जपानी स्त्रिया आहेत काय?
— वाचक, सातपूर

उत्तर : आहेत, आणि आता प्रमुख पदांवर आहेत. आओमोरी प्रांतात १९८७ साली जन्मलेल्या नोदोका ओकिसावा यांनी २०१८ मध्ये तोक्यो येथील संचालकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. ती जिंकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. २०१९ मध्ये बझांसों स्पर्धाही त्यांनी जिंकली. बर्लिन फिलहार्मोनिकचे प्रमुख किरिल पेत्रेंको यांच्या सहायक म्हणून काम केल्यानंतर २०२३ पासून त्या क्योतो सिंफनीच्या प्रमुख संचालक आहेत.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. लहानपणापासून ख्याल शिकते आणि गेले वर्षभर मुंबईच्या शिक्षिकेकडे पाश्चात्त्य कंठसंगीतही शिकत आहे. तिला ऑपेरा गायिका व्हायचे आहे. घरातील वडीलधारे म्हणतात की जपानी गायिकांना 'मादाम बटरफ्लाय' या जपानी नायिकेच्या ऑपेरापलीकडे काही मिळाले नाही, मग आपल्या मुलीला कोण विचारणार? त्यांना काय सांगावे?
— एक आई, नाशिकरोड

उत्तर : वडीलधाऱ्यांचे म्हणणे एका काळाला लागू पडते, म्हणून त्यांना तो काळ आणि नंतरचा काळ असे दोन्ही सांगावे.

पहिली मोठी जपानी ऑपेरा गायिका म्हणजे तामाकी मिउरा. त्यांचा जन्म १८८४ चा. सायकलवरून संगीत विद्यालयात जाणारी मुलगी म्हणून तोक्योत त्यांचा बोलबाला झाला, आणि १९०३ मध्ये ग्लुकच्या 'ऑर्फेओ' या ऑपेराचा प्रयोग जपानी विद्यार्थ्यांनी केला तेव्हा त्यात त्या गायल्या. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मनीतून लंडनला आलेल्या मिउरा यांनी १९१५ मध्ये तेथे पुच्चिनीच्या 'मादाम बटरफ्लाय'मधील नागासाकीच्या चो-चो-सान ऊर्फ बटरफ्लायची भूमिका केली आणि त्याच वर्षी त्या अमेरिकेत गेल्या. पुढील वीस वर्षे हीच भूमिका त्यांच्यामागे राहिली. स्वतः पुच्चिनीने त्यांची प्रशंसा केली. परंतु वेगळे काही मिळाले तेव्हाही काय मिळाले पाहा : शिकागोत मेसाजेच्या 'मादाम क्रिझांतेम'मधील आणि १९२५ मध्ये फ्रांकेत्तीच्या 'नामिको-सान'मधील नायिका. दोन्ही पुन्हा जपानीच. प्रेक्षक त्यांचा आवाज ऐकत होते, पण तिकीट किमोनो पाहण्यासाठी काढत होते. या गायिकेविषयी मला फार आदर वाटतो आणि म्हणूनच तिच्या आवाजाला व्हर्दी आणि मोझार्ट पुरेसे मिळाले नाहीत याची खंतही वाटते. १९७२ मध्ये यासुको हायाशी यांनी मिलानच्या ला स्काला येथे पदार्पण केले तेही बटरफ्लाय म्हणूनच.

आता दुसरा काळ. गिफू प्रांतातील मेझो-सोप्रानो (मध्यम पट्टीच्या आवाजाच्या गायिका) मिहोको फुजिमुरा तोक्योतील कला विद्यापीठात आणि नंतर म्युनिकमध्ये शिकल्या. त्यांनी एखाद्या विशेष भूमिकेच्या निमंत्रणाची वाट पाहिली नाही. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील ऑपेरागृहात त्या पगारी गायिका म्हणून राहिल्या. जर्मन भाषक देशांत ही व्यवस्था आजही जिवंत आहे. एकट्या जर्मनीत सरकारी अनुदानावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहे आहेत आणि त्यांतील बहुतेकांकडे स्वतःचा कायम गायकवर्ग असतो. तेथे नव्या गायिकेला एका हंगामात दासी, परी, राणी, जे वाट्याला येईल ते गावे लागते. त्या चार-पाच वर्षांत भूमिकांचा साठा तयार होतो. फुजिमुरा २००२ मध्ये जर्मनीतील बायरॉइटला वाग्नरच्या ऑपेरांच्या महोत्सवात फ्रिका या देवीच्या भूमिकेत उभ्या राहिल्या, त्यानंतर लागोपाठ अनेक हंगाम तेथे गात राहिल्या आणि कुंद्री, ब्रांगेने यांसारख्या वाग्नरच्याच भूमिका त्यांना मिळाल्या. या भूमिकांचा जपानशी काहीही संबंध नाही. संचालकांचेही तसेच आहे : काझुशी ओनो झाग्रेब, कार्ल्सरूह, ब्रुसेल्स आणि लिओं अशा पायऱ्या चढत गेले. तेव्हा वडीलधाऱ्यांना सांगावे की चेहऱ्यामुळे मिळालेली संधी एका भूमिकेपाशी थांबू शकते, आणि ऑपेरागृहाच्या गायकवर्गात शिरलेली गायिका सर्व भूमिकांपर्यंत पोहोचू शकते. मुंबईच्या पॅट्रिशिया रोझारिओ यांनी लंडनमध्ये शिकून सोप्रानो (उंच पट्टीच्या आवाजाच्या गायिका) म्हणून नाव मिळवले, हे उदाहरण तर आपल्या जवळचेच आहे.

मुलीच्या बाबतीत काही सूचना कराव्याशा वाटतात. ऑपेरात मायक्रोफोन नसतो. साठ-सत्तर वादकांच्या वाद्यवृंदावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यावा लागतो, आणि तो ताकदीने नव्हे, तर श्वासाच्या आधाराने व घुमाऱ्याने जातो. ख्यालातील श्वासावरचा ताबा, सुरांची पारख आणि बैठक उपयोगी पडेल, पण आवाज लावण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. म्हणून दोन्ही रियाज एकाच बैठकीत करू नयेत आणि दोन्ही शिक्षिकांना एकमेकींविषयी कल्पना द्यावी. सतराव्या वर्षी बटरफ्लाय किंवा तोस्काची पदे गाण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. चो-चो-सान कथेत पंधरा वर्षांची असली तरी ती गाण्यासाठी पूर्ण पिकलेला आवाज लागतो, आणि तो बहुधा तिशीच्या आसपास येतो. सध्या जुनी इटालियन गीते आणि मोझार्टची सोपी पदे पुरेत. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षा देता येतील. सोबत पियानोची तोंडओळख हवीच, कारण स्वरलिपी पाहून स्वतःचा भाग बसवता न येणारी गायिका कोणत्याही ऑपेरागृहात टिकत नाही. पदवीसाठी जर्मनीचा विचार असेल तर बारावीची परीक्षा झाल्याबरोबर पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनाचे जर्मन वर्ग सुरू करावेत. तेथील संगीत महाविद्यालये प्रवेशाच्या वेळी गायनाबरोबर भाषेचे प्रमाणपत्रही सहसा मागतात.