दोन वर्षं की सत्तर?

प्रभूच्या नावाने सलाम बाळा,

तुझा मेसेज रात्री २ वाजून १० मिनिटांनी आलेला दिसला, म्हणजे झोप नव्हतीच तुला. सकाळी वाचला, दुपारी परत वाचला, पण उत्तर मुद्दाम लगेच दिलं नाही कारण घाईत मी पण तेच बोलले असते जे तुला सगळे बोलतायत, धीर धर, देव बघतोय, सगळं ठीक होईल वगैरे. आईच्या दुखण्याचं सातवं वर्ष लागलं आणि आता प्रार्थनेत नवीन काय मागायचं तेच सुचत नाही असं लिहिलंयस तू, ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाहीये. फोन करणार होते, पण फोनवर मी फार बोलते आणि तू नुसतं हो ताई, हो ताई करत बसणार, म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे ते वचन जे तुला दर आठवड्याला कुणी ना कुणी फॉरवर्ड करतं, फुलांच्या फोटोवर लिहिलेलं, बायबलमधलं यिर्मया २९:११, देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे संकल्प आहेत ते. तुला त्याचा राग यायला लागलाय म्हणालास. येऊदे, मला पण यायचा. पण त्याच्या बरोब्बर एक ओळ वर, दहाव्या वचनात काय आहे ते फोटोवर कुणी छापत नाही. तिथे लिहिलंय, बाबेलची, म्हणजे बॅबिलोनची, सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर! म्हणजे ज्यांच्या हातात ते पत्र पडलं त्यातले बहुतेक जण परत जाणारच नव्हते, तिकडेच म्हातारे होऊन मरणार होते. हो, ते पण पत्रच आहे, यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमहून बाबेलात पकडून नेलेल्या लोकांना पाठवलेलं.

आणि त्याच्या आधीचा २८ वा अध्याय वाच, आज रात्री झोप आली नाही तर तोच वाच. हनन्या म्हणून एक संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळणार, देवानेच मला सांगितलंय. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होतं, लोकांना गुलामगिरी दिसावी म्हणून घातलेलं, ते हा उतरवून मोडूनच टाकतो. आता विचार कर तिथल्या गर्दीतली एखादी आई, मुलगा बाबेलला नेलेली, तिला कुणाचं पटलं असेल? मी असते तर हनन्याच्याच मागे गेले असते. आणि मला यिर्मयाचं काय आवडतं माहितीये, तो पहिल्यांदा काय म्हणतो तर 'आमेन', परमेश्वर असंच करो. म्हणजे त्यालाही दोन वर्षंच हवी होती रे. खोटं बोलून धीर द्यायचा नाही एवढंच त्याने ठरवलेलं. हनन्या त्याच वर्षी मेला आणि यरुशलेम सुटायच्या ऐवजी पुढे काही वर्षांनी, ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमाराला, मंदिरासकट जळालं.

माझ्या अनुभवाने सांगते, लांबलेल्या दुखण्यात माणूस दुखण्याने जितका थकत नाही तितका हनन्यांनी थकतो. येत्या ईस्टरपर्यंत उठून बसतील, या उपासाच्या चाळीस दिवसांत चमत्कार बघा, असं लोक सांगतात, मनापासूनच सांगतात, आणि तारीख निघून गेली की ते विसरतात पण आपण नाही विसरत. दर वेळी एक आशा जमिनीत पुरायची आणि वर परत आपल्यालाच ऐकायचं की तुमचा विश्वास कमी पडला. हे शेवटचं कुणी बोललं तर मनाला लावून घेऊ नकोस. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे कसलातरी सततचा त्रास, जावा म्हणून तीनदा देवाला विनंती केली, काटा राहिलाच, 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढंच उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता म्हणायची कुणाची टाप आहे का?

माझ्या वडिलांचं तुला थोडं माहितीये, सगळं नाही. अर्धांगवायूनंतर ते अकरा वर्षं अंथरुणावर होते. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं, मला हाक मारायची असली की तोंडातून भलतंच काहीतरी निघायचं आणि ते स्वतःवरच चिडायचे, डाव्या हाताने चादर आवळून धरायचे. पण प्रभूची प्रार्थना मात्र यायची. कशी काय तर डॉक्टर म्हणाले पाठ झालेलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने टिकून राहू शकतं. मी संध्याकाळी सुरुवात करून द्यायचे, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', की पुढचं ते अर्ध्या तोंडाने म्हणायचे, लाळ गळायची, मी रुमाल घेऊन बसलेली. आणि 'आज' वर अडकायचे. आमची रोजची भाकर आज आम्हाला दे, त्यातल्या आज वर. आज, आज, आज, चार चार वेळा, रेकॉर्ड अडकल्यासारखं. पहिली काही वर्षं मला ते ऐकून रडू यायचं. नंतर कधीतरी, नेमकं कधी ते आठवत नाही, मी पण त्यांच्याबरोबर तिथेच थांबायला लागले आणि पूर्ण बरं कर हे मागणं सोडलं नाही पण ते मागच्या बाकावर गेलं, पुढच्या बाकावर आजची रात्र नीट जाऊदे, चादर बदलताना माझा आवाज चढू नये, असलं काहीतरी. ही मागणी बऱ्याचदा मिळायची. नेहमी नाही, खोटं कशाला सांगू.

बरे झाले का? नाही झाले. साक्षीच्या वेळी चर्चमध्ये उभं राहून सांगण्यासारखा शेवट माझ्याकडे नाहीये.

तू विचारलंयस की देवावर चिडणं पाप आहे का. बायबलमधल्या स्तोत्र १३ मध्ये सुरुवातीलाच चार वेळा 'कोठवर' आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळसुद्धा नाही आणि तरी ते कुणी बाहेर काढलं नाही, प्रार्थना म्हणूनच ठेवलं. तेव्हा प्रार्थनेत शब्द सुचत नसतील तर ते मोठ्याने वाच आणि आमेन न म्हणता झोपून जा, चालेल. आणि एलीया संदेष्टा जेव्हा मरण मागत झुडपाखाली पडला ना, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश नाही केला, खायला दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं. म्हणून म्हणते, तीन महिने नीट झोप नाही, जेवण जात नाही, जगून काय करू असं मनात येतंय तर डॉक्टरकडे जायचं, या आठवड्यात जायचं, गोळ्या घेतल्या तर विश्वास कमी होत नाही. आणि तसा विचार रात्री आला तर मला उठवायचं, दोन वाजता पण.

त्या पत्रात यिर्मया सत्तर वर्षंवाल्यांना करायला काय सांगतो बघ, घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा. मला वाटतं तुझं खरं दुखणं इथे आहे, तू सात वर्षं सगळं थांबवून ठेवलंयस, आई बरी झाली की कोर्स, आई बरी झाली की लग्नाचं बघू. गिटारची तार तुटलेली तशीच आहे ना अजून? आईला सोडून जा असं मी म्हणत नाहीये हं, आणि जिथे कुणी छळ करतंय तिथे गप सोसा असा पण या पत्राचा अर्थ लावू नये, लोक लावतात. पण कोर्सचा फॉर्म भर. यिर्मयाने स्वतः काय केलं, शहराला वेढा पडलेला, हा पहाऱ्यात कैदेत, तेव्हा १७ शेकेल चांदी मोजून आपल्या गावचं, अनाथोथचं, शेत विकत घेतलं, शत्रूचं सैन्य दारात असताना! खरेदीखत मडक्यात घालून ठेवायला लावलं, खूप दिवस टिकावं म्हणून. ते शेत त्याने पुढे कसल्याचं काही बायबलमध्ये नाही, त्याला तर नंतर लोक इजिप्तला घेऊन गेले.

शनिवारी मी येतेय, दुपारी दोन ते सहा आईजवळ मी बसणार. औषधांच्या वेळा कागदावर लिहून ठेव, मोठ्या अक्षरात, माझा चष्मा बदलायचा राहिलाय. आणि तू घरात थांबायचं नाहीस, तार घेऊन ये.

तुझी
ताई