स्प्रिंग काढली की पेटंटमधून सुटका?

प्रश्न : कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. रोपवाटिकेसाठी उसाचा डोळा काढायचं, पायाने चालणारं मशीन मी बनवलं. ऊस जाड असो वा बारीक, डोळ्याचा तुकडा एकाच जाडीचा निघतो. दहा महिन्यांपूर्वी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक तपशिलाचा, अर्ज स्वतःच भरला आणि त्यानंतर मशीन कृषी प्रदर्शनात मांडलं. आता शिरोलीतल्या एकाने तसंच मशीन बाजारात आणलंय. फरक एवढाच की स्प्रिंगच्या जागी वजन आणि पेडलच्या जागी एअर सिलिंडर. प्रोव्हिजनलची प्रत आणि कम्प्लीटसाठी (त्यानंतर द्यायच्या पूर्ण तपशिलासाठी) लिहिलेले क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगतोय ती वाक्यं, सोबत पाठवतोय. केस टाकता येईल का? निदान नोटीस तरी देऊ का?

उत्तर : आज केस टाकता येणार नाही. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ११अ प्रमाणे अर्ज प्रसिद्ध झाल्यापासूनचे हक्क मोजले जातात, पण उल्लंघनाचा दावा पेटंट मंजूर झाल्यावरच दाखल होतो. आणि खरं सांगायचं तर, तुम्ही पाठवलेला क्लेम जसाच्या तसा गेला, तर मंजुरीनंतरही शिरोलीचे गृहस्थ आरामात सुटतील. म्हणून नोटिशीआधी क्लेम बघू.

तुमचा पहिला क्लेम असा : ‘अँगलचा स्टँड, चार चाके, पायाचे पेडल, एम-८ बोल्टने बसवलेली ३ मिमी जाडीची अर्धगोल सुरी, दाबपट्टी आणि कॉम्प्रेशन स्प्रिंग असलेले मशीन.’ हे कोटेशन झालं, क्लेम नव्हे. वर्कशॉपवाल्यांचे क्लेम बहुधा असेच येतात, कारण समोर उभं असलेलं मशीन बघून ते लिहिलेले असतात. पहिल्या क्लेममध्ये घातलेला प्रत्येक भाग म्हणजे तुम्ही स्वतःवर लादून घेतलेली अट. त्यातला एक भाग समोरच्याच्या मशीनमध्ये नसला की तो म्हणणार, ‘माझं मशीन वेगळं आहे.’ कोर्ट शब्दांपलीकडे जाऊन हेतू बघत नाही असं नाही. इंग्लंडच्या कॅटनिक खटल्यात क्लेममध्ये पट्टी ‘उभी’ म्हटली होती आणि प्रतिवादीने ती ६ ते ८ अंश कलती केली होती; तरीही उल्लंघन झालं असं ठरलं. पण त्या एका शब्दासाठी प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. एवढा खर्च कोण करणार?

आता तुमच्या मशीनमध्ये नवं काय ते बघा. डोळा काढायची अर्धगोल सुरी जुनीच, पेडलही जुनंच. नवी आहे ती दाबपट्टी. ती सुरीच्या आधी उसाला टेकते आणि तिथून पुढे सुरी ठरावीक अंतरच जाते. म्हणजे कापाची खोली खालच्या पाटापासून न ठरता उसाच्या सालीपासून ठरते. सगळी करामत याच जागी आहे, आणि तुमच्या क्लेममध्ये पट्टी व सुरी यांचा एकमेकींशी संबंध कुठेच लिहिलेला नाही. सुटे भाग नुसते मोजून दाखवले, तर कलम ३(फ) ची हरकत येते : आपापलं ओळखीचं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या जुन्या भागांची मांडणी म्हणजे शोध नव्हे.

अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीतच द्यावा लागतो, तरी समजण्यापुरता मराठीत कच्चा मसुदा देतो : ‘ऊस टेकवण्याचा आधार, त्या आधाराकडे पुढेमागे होणारा सुरीधारक व त्यावर पक्की बसवलेली सुरी, सुरीधारकावर सरकती बसवलेली, सुरीच्या आधी उसाला टेकणारी दाबपट्टी, आणि पट्टीला उसाकडे दाबून धरणारी योजना, वैशिष्ट्य असे की, पट्टी उसाला टेकल्यावर सुरीधारक तिच्या पुढे ठरावीक अंतरापर्यंतच जाऊ शकतो.’ यात स्टँड, चाकं, बोल्ट, पेडल काहीच नाही. वजन हीसुद्धा पट्टीला दाबून धरणारी योजनाच. प्रोव्हिजनलमध्ये तुम्ही ‘स्प्रिंग किंवा तत्सम योजना’ आणि ‘पायाने अथवा मोटारीने’ असं लिहून ठेवलंय, हे फार बरं झालं. त्यामुळे या क्लेमला प्रोव्हिजनलची तारीख मागता येते आणि नंतरच्या प्रदर्शनाने त्याला बाधा येत नाही.

मात्र वजनाचा आणि एअर सिलिंडरचा वेगळा क्लेम घालायचा मोह आवरा. ते तपशील प्रोव्हिजनलमध्ये नाहीत, म्हणून त्यांना कम्प्लीटची तारीख मिळेल. तोवर शिरोलीवाल्यांचं मशीन बाजारात आलेलं आहे आणि तेच तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येईल. शिवाय ते तुमचं डोकं नाही, त्यांचं आहे.

उलट टोकालाही जाऊ नका. ‘एकसारख्या जाडीचा डोळा काढणारे कोणतेही साधन’ असं लिहिलंत, तर तपासणी अधिकारी अस्पष्टतेची हरकत घेईल आणि शोधाची पायरीही विचारेल, म्हणजे जुन्यापेक्षा यात सहज न सुचणारं काय आहे ते. भांडी लेथवर धरायच्या साधनाचं एक पेटंट सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये याच कारणाने टिकू दिलं नव्हतं : जुन्या साधनातली वर्कशॉपमध्ये सहज सुचावी अशी सुधारणा, असं ते ठरलं. यासाठीच पहिल्या क्लेमच्या आधाराने पुढचे क्लेम उतरत्या क्रमाने बांधा : स्प्रिंग, अंतर कमीजास्त करायचा स्क्रू, पेडल. प्रोव्हिजनलमध्ये जे आहे तेच. मोठा क्लेम पडला तर हे उभे राहतील. दहा क्लेमपर्यंत जादा फी नाही. कलम ५९ मुळे दाखल केल्यानंतर क्लेम आखडता येतो, वाढवता येत नाही. डोळा काढायच्या पद्धतीचा क्लेम मात्र नको. शेतीची पद्धत म्हणून कलम ३(ह) आडवं येईल.

मुदत प्रोव्हिजनलपासून बारा महिने, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम दोन. ती चुकली तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. अर्जाची तारीख पुढे ढकलायची सोय कायद्यात आहे, कोणीतरी ती सुचवेलही. तुम्ही मशीन प्रदर्शनात मांडून बसलाय; तारीख पुढे गेली तर ते प्रदर्शन अर्जाच्या आधीचं ठरू शकतं, त्यामुळे ती वाट तुमच्यासाठी बंद समजा.

नोटिशीचं म्हणाल तर सध्या नकोच. मंजुरीआधी कोर्टाची धमकी दिलीत, तर कलम १०६ खाली शिरोलीवालेच तुमच्यावर दावा लावू शकतात. मशीनवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ एवढंच लिहा. ‘पेटंटेड’ लिहिलंत तर दंड होतो. कम्प्लीट दाखल झाली की फॉर्म ९ भरून लवकर प्रसिद्धी मागा, म्हणजे हक्काची तारीख अलीकडे येईल. तोवर त्यांच्या मशीनचे तारखेसह फोटो आणि एखाद्या गिऱ्हाइकाचं बिल जमा करून ठेवा.