आधी कार्ड कोणाला मिळत होतं ते बघा

‘मेकॅनिकल इंजिनिअरिंगला मुली इतक्या कमी, कारण त्यांना ते मुळात आवडतच नाही, यात भेदभाव कुठे आला?’ असं तुम्ही विचारलंय. आवडीनिवडीत सरासरी फरक असेलही, त्यावर मी भांडत बसणार नाही. मी मुंबईत शूटिंगच्या सेटवर उमेदवारी केलेला माणूस, त्यामुळे आमच्या लाइनचंच सांगतो.

नटणं-सजवणं बायकांचं, असं कोणीही म्हणेल. म्हणजे तुमच्या हिशेबाने फिल्मलाइनला मेकअप करायला बायकाच बायका हव्यात. पण सेटवर मेकअपला कायम ‘मेकअप दादा’ असायचे, आणि केसांना बाई. कारण मेकअप आणि हेअरवाल्यांच्या संघटनेचा नियमच तसा होता: बाईला हेअरड्रेसरचं सभासद कार्ड मिळेल, मेकअप आर्टिस्टचं नाही. कार्ड नाही तर काम नाही. चांगला हात असलेल्या बायका व्हॅनिटीत लपून मेकअप करायच्या. चेकिंगला संघटनेची माणसं आली की ब्रश खाली, कंगवा हातात. शेवटी चारू खुराना ही मेकअप आर्टिस्ट सुप्रीम कोर्टात गेली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये कोर्टाने ही बंदी मोडीत काढली. संघटनेची सबब काय होती? पुरुषांच्या पोटावर पाय येईल! बायकांना हे जमत नाही किंवा आवडत नाही, असं वाटत असतं तर ही भीती कशाला?

दुसरं उदाहरण उलट्या टोकाचं. झरिया-राणीगंजच्या कोळसा खाणींत बायका जमिनीखाली उतरून काम करायच्या. १९२९ च्या नियमांनी त्यांना टप्प्याटप्प्याने वर काढलं. १९४३ मध्ये युद्धासाठी कोळसा कमी पडला, तेव्हा बंदी उठवली. बायका पुन्हा खाली गेल्या. (मजूर खातं तेव्हा डॉ. आंबेडकरांकडे होतं, त्यांना असेंब्लीत यावर उत्तर द्यावं लागलं.) १९४६ मध्ये बंदी परत लागू. एवढ्या वर्षांत बाईचा स्वभाव तीनदा पालटला म्हणायचं का?

आता तुमचं मेकॅनिकल. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं कलम ६६ काढून वाचा. संध्याकाळी ७ ते सकाळी ६ बाईला कारखान्यात कामाला ठेवायचं नाही, हा मूळ नियम होता. राज्यांनी सूट दिली तरी रात्री १० ते पहाटे ५ बंदच होतं. ही बंदी अलीकडच्या वर्षांत उठत गेली, पण त्याआधी कित्येक दशकं होती. तीन पाळ्यांच्या कारखान्यात रात्रपाळी न करू शकणारा इंजिनिअर कोण घेणार होतं? आणि नोकरीच नाही म्हटल्यावर कुठला बाप मुलीला त्या ब्रँचला घालणार होता? हे सगळं वजा करून जो फरक उरेल, त्याला खुशाल निसर्ग म्हणा.