वडिलांच्या सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसात ५ मिमीची गाठ दिसली, कॅन्सर असेल का?

एवढी लहान गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवी निघते. आपल्याकडे जुन्या टीबीचा व्रण हे तर नेहमीचंच कारण. रिपोर्टमध्ये 'कॅल्सिफाइड' लिहिलंय का बघा. पूर्ण कॅल्शियम धरलेली गाठ सहसा जुनी, बरी झालेली असते. कडा काटेरी असतील किंवा वडील सिगारेट ओढत असतील, तर मात्र छातीच्या डॉक्टरांना लवकर दाखवा. याहून थोड्या मोठ्या, म्हणजे ६ ते ८ मिमीच्या घट्ट (रिपोर्टमध्ये 'सॉलिड') गाठीला साधारण ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा सीटी सांगतात.

माझं कळकळीचं सांगणं एकच, आधीचा स्कॅन शोधा. कोथरूडला काढलेला असो की हडपसरला, नुसता रिपोर्टचा कागद नको, सीडीच न्या. डॉक्टर दोन्ही शेजारी ठेवून मोजतात. घट्ट गाठ दोन वर्षं तेवढीच राहिली असेल, तर काळजी बरीच मिटते.