छापील कप मागवण्याआधी एवढं बघा

लोगोचं डिझाइन नंतर. आधी कपात काय ओतणार ते ठरवा. प्लास्टिकच्या कपाच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो, तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो. १ म्हणजे पीईटी: काचेसारखा स्वच्छ दिसतो, कोल्ड कॉफी-सरबताला उत्तम, पण ७० अंशांच्या आसपास मऊ पडतो, त्यामुळे गरम चहा त्यात अजिबात नको. ५ म्हणजे पीपी: जरा धुरकट, पण गरम पेय सोसतो.

झाकणाचा व्यास कपाशी जुळतो का, हे हातात घेऊनच पाहा. माझी पहिली अख्खी ऑर्डर तिथेच फसली, फार जीव तुटला होता. नमुन्यात बर्फासकट पेय भरा, झाकण लावा, उलटा धरा. ओल्या बोटाने छपाईही घासून बघा. रंग शक्यतो एकच ठेवा, स्वस्त पडतो.