गोळी बंद करा म्हणाले, मग आता काय?

"मॅडम, बीपीच्या डॉक्टरांनी माला-एन बंद करायला सांगितली, पण त्याच्या जागी काय घ्यायचं ते काय बोलले नाहीत." माला-एन म्हणजे दिवस जाऊ नयेत म्हणून रोज घ्यायची गोळी, आणि असं वाक्य कुटुंबनियोजनाचा सल्ला देताना मी महिन्यातून दोन-चारदा तरी ऐकते. कधी बीपी निघतं, कधी डोकं दुखायच्या आधी डोळ्यापुढं वाकड्यातिकड्या चमकत्या रेषा येणारं मायग्रेन असतं, कधी टीबीचं औषध सुरू झालेलं असतं (त्यातल्या एका औषधाने गोळीचा असर कमी होतो), कधी बाळ अंगावर पीत असतं आणि अजून सहा महिन्यांचंही नसतं. कारणं वेगळी पण काळजी एकच, गोळी सोडली आणि दिवस गेले तर?

अशीच एक ताई आली होती, तिची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडं केलंय. वय सदतीस, दोन मुलं, सातारा जिल्ह्यातलं गाव. मालक नवी मुंबईच्या मार्केटात माथाडी, म्हणजे महिन्यातून एकदा-दोनदा घरी, आणि तेही कधी येतील याचा नेम नाही. सात वर्षं माला-एनवर, आशाताई पाकीट आणून द्यायच्या, कसलाच त्रास नाही. तालुक्याच्या शिबिरात बीपी मोजलं तर १५२/९८, आठवड्यानं परत मोजलं तरी तेवढंच. डॉक्टरांनी बीपीची गोळी सुरू केली, माला-एन बंद करा म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. बरोबरच सांगितलं त्यांनी, माला-एनमध्ये इस्ट्रोजेन असतं, बीपी १४०/९० च्या वर असेल तर त्याने रक्ताची गुठळी होण्याचा आणि पॅरालिसिसच्या झटक्याचा धोका वाढतो, त्यात हिचं वय पस्तिशीच्या पुढचं. पण बंद करा म्हटल्यावर त्या बाईच्या रात्रीचं काय, हे विचारायचं राहून जातं.

मी म्हटलं, मग बंद केलीत का? तिने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पाकीट काढलं. माला-एनचं पाकीट म्हणजे २१ पांढऱ्या गोळ्या आणि ७ तपकिरी, त्या तपकिरी नुसत्या लोहाच्या. हिच्या पाकिटात पांढऱ्या गोळ्यांची एक भोक रिकामं, एक भरलेलं, परत एक रिकामं, अशी नक्षी झाली होती. "एक दिवसाआड घेते मॅडम, निम्मी गोळी म्हणजे बीपी पण निम्माच चढंल ना."

हसू नका हं, मीही हसले नाही, कारण तिच्या बाजूने हिशेब अगदी नीट आहे. फक्त गोळीचं तसं चालत नाही. धोका होता तिथेच राहतो आणि दिवस जाण्यापासूनचं संरक्षण मात्र जातं, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. आणि मालक परवाच येऊन गेले होते.

आता मला घाई झाली. लघवीची तपासणी केली, निगेटिव्ह आली, पण परवाचा संबंध आज तपासणीत दिसणार नाही हे तिला सांगितलं. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी (गर्भपिशवीत बसवतात ती कॉपर-टी) बसवली तर दिवस राहत नाहीत आणि तीच तांबी पुढे दहा वर्षं चालते, बीपीचा आणि तिचा काही संबंध नाही कारण त्यात हार्मोन नसतात. माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. मी ट्रेमधली तांबी काढून तिच्या तळहातावर ठेवली सुद्धा, ती अजून बोलत होती तरी. हे माझं चुकलं, बारा वर्षं हे काम करून चुकलं.

तिने ती तांबी अशी धरली जशी आपण विंचू मेलाय का बघायला काडीने हलवतो. "माझ्या नणंदेची वर गेली होती." मग मी खाली बसले (म्हणजे खरंच खुर्ची ओढून तिच्या शेजारी) आणि नणंदेचं काय झालं ते सगळं ऐकलं. दोरा सापडत नव्हता, सोनोग्राफी करायला लागली, तांबी आतच होती, पण तोपर्यंत अख्ख्या भावकीत ती छातीपर्यंत पोचली होती. मी तिला चित्र काढून दाखवलं, गर्भपिशवी वरून बंद असते, तिथून तांबी काळजाकडे जायला वाट नाही. बसवताना पिशवीला छिद्र पडून बाहेर गेली असं हजारात एखादीला होतं, हेही सांगितलं, कारण नुसतं काही होत नाही म्हटलं की बाई आपल्यावर विश्वास ठेवत नाही आणि बरोबरच करते. आणि मालकांना टोचेल का? नीट कापलेला दोरा सहसा लागत नाही, लागला तर येऊन सांगायचं, नीट करता येतो.

एवढं सगळं पटलं तरी ती नाहीच म्हणाली. मग मी तो प्रश्न विचारला जो पहिला विचारायला हवा होता, गोळीचं तुम्हाला काय आवडायचं? दिवस जाऊ नयेत हे सोडून. ती एकदम मोकळी झाली. गोळी घ्यायच्या आधी पाळीत इतकं जायचं की चार चार घड्या बदलायच्या, चक्कर यायची, गोळीनं ते कमी झालं. आणि पाळीचा दिवस पक्का, गौरी-गणपतीला, यात्रेला अडचण नाही. रिपोर्ट बघितला, हिमोग्लोबिन ९.४. तांबीने पहिले काही महिने पाळीत जास्त जाऊ शकतं, पोटात दुखू शकतं. अशा बाईला तांबी चालतच नाही असं नाही, लोहाच्या गोळ्या देऊन बसवतात, पण तिला नको वाटण्यामागे नुसती नणंद नव्हती. तिला ते नीट सांगता येत नव्हतं इतकंच.

मग त्या दिवशीपुरती इमर्जन्सी गोळी दिली, ७२ तासांच्या आतली, ती एकदाच घ्यायची असते, त्यात इस्ट्रोजेन नसतं म्हणून बीपीवालीला चालते. माला-एन आजपासून पूर्ण बंद, पाकीट माझ्याकडेच ठेवून घेतलं. निरोध बरोबर दिले. आणि तीन आठवड्यांत पाळी आली नाही तर परत तपासायचं.

पुढचं मग निवांत बोललो. अंतरा इंजेक्शन, तीन महिन्यांतून एकदा, पण पाळी कधीही येते, ठिपके ठिपके जातात, नंतर बऱ्याच जणींची बंदच होते. तिचा दिवस पक्का लागणारा स्वभाव, आणि बीपी १६० च्या वर गेलं तर मीच ते नको म्हटलं असतं. नुसत्या निरोधवर भागेल का विचारलं तर म्हणाली, "मालक रात्री अकराच्या गाडीनं येतात, एका खोलीत सगळी झोपलेली, अंधारात पत्र्याच्या पेटीत कोण हुडकत बसणार." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑपरेशन? मुलं तर दोनच पुरेत म्हणते, पण ज्वारीच्या काढणीआधी तरी नको. मालकांचं केलं तर? बिनटाक्याचं असतं, दहा-पंधरा मिनिटांचं, त्याच दिवशी घरी, फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरून मग वीर्य तपासून घ्यायचं. पदर तोंडाला लावून हसली. पण नको असं म्हणाली नाही, हे मी मनात टिपून ठेवलं.

राहिली छाया. लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत शोधलेली बिनहार्मोनची गोळी, बाजारात सहेली नावाने मिळते, सरकारी दवाखान्यात फुकट. बीपीला चालते, पाळीत जाणं वाढत नाही, उलट कमी होतं. कावीळ किंवा लिव्हरचा आजार, पीसीओडी, टीबी असेल तर देत नाही, हिला यातलं काहीच नव्हतं. वाईट बाजू पण आधीच सांगितली, सुरुवातीला पाळी पुढे जाते, म्हणजे जो दिवस पक्का हवाय तोच हलतो. ती जरा थांबली, मग म्हणाली, "कमी जाणार असंल तर उशिरा आली तरी चालंल."

नऊ दिवसांनी पाळी आली. रविवार होता, पहिल्याच दिवशी छाया सुरू. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पहिली रविवारी तर दुसरी बुधवारी, चौथ्या महिन्यापासून नुसती रविवारी, पाळी चालू असो नसो. चुकली तर आठवली की लगेच घ्यायची आणि पुढच्या पाळीपर्यंत निरोध, सात दिवसांच्या वर चुकली तर परत पहिल्यापासून आठवड्याला दोन. हे सगळं लक्षात राहायचं नाही म्हणून आम्ही कॅलेंडरवर गोल करायचं ठरवलं.

दुसऱ्या महिन्यात पाळी बारा दिवस लांबली तेव्हा फोन आला, आवाज गेलेला. तपासणी करायला लावली, निगेटिव्ह. तेव्हापासून तपासणीची एक पट्टी घरात ठेवा म्हणते मी छाया घेणाऱ्या प्रत्येकीला, तो फोन ऐकून शिकले.

पाचव्या महिन्यात आली तेव्हा बीपी १३४/८४, औषधावर. मिश्री मात्र सुटलेली नाही, त्यावर आमचं भांडण वेगळं चालूय. मालकांच्या ऑपरेशनचं माहितीपत्रक मागितलं, "दिवाळीला आठ दिवस येणारेत, वाचतील वाचलं तर." आणि मग कॅलेंडरची गंमत सांगितली. सासूबाईंनी ते गोल बघून रविवार-बुधवारचा उपास धरला असं समजून तीन महिने तिला दोन्ही दिवस साबुदाणा करून घातला. आता बुधवारचे गोल बंद झाले तर म्हातारी चिडली, धरलेला उपास मधेच सोडतात का म्हणून. "मग काय म्हणालात?" मी विचारलं. "म्हटलं, देवीनंच सांगितलं आत्या, आता रविवार पुरे."