इंग्लंडमधल्या दाव्यात समोरच्याने दिलेले कागद दुसरीकडे वापरता येतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या दाव्यात जुन्या भागीदाराच्या काही ईमेल डिस्क्लोजरमध्ये (दाव्यातल्या पक्षांनी आपले कागद एकमेकांना देण्याचा टप्पा) मिळाल्या, साक्षीपुराव्याआधीच दावा तडजोडीने मिटला. आता त्याच ईमेलवरून त्याच्या दुसऱ्या कंपनीवर दावा लावायचा आहे आणि एका पत्रकारालाही त्या दाखवायच्या आहेत. सध्या यातलं काहीच करू नका.

तिथल्या दिवाणी प्रक्रियेचा (सीपीआर) नियम ३१.२२ सांगतो की डिस्क्लोजरमध्ये मिळालेला कागद त्याच दाव्यापुरता वापरायचा. मजकूर गुप्त आहे की नाही हा मुद्दाच नाही. कागद कुठल्या वाटेने हाती आला ते पाहतात. डिस्क्लोजरमध्ये स्वतःच्या अंगलट येणारे कागदही द्यावे लागतात, आणि ते उद्या कुठेही फिरणार असतील तर कोणीही हात आखडता घेईल. एखादी ईमेल तेव्हा थेट तुम्हालाच आलेली असेल, तर तुमच्या इनबॉक्समधल्या प्रतीवर हे बंधन नाही.

लोक फसतात ते ‘वापर’ या शब्दावर. आयजी इंडेक्सच्या प्रकरणात (२०१४) अपील न्यायालयाने त्याचा अर्थ फार रुंद धरला: वाचणं, प्रत काढणं, दुसऱ्याला दाखवणं, आणि आतली माहिती वापरणंसुद्धा. म्हणजे नव्या दाव्यासाठी काही सापडतंय का म्हणून ते गठ्ठे पुन्हा चाळणं हाही वापर झाला.

सुटकेच्या वाटा तीन. पहिली, कागद उघड सुनावणीत न्यायालयाला वाचून दाखवला गेला असेल, न्यायाधीशांनी वाचला असेल किंवा त्याचा उल्लेख झाला असेल. ही सवलत पूर्वी नव्हती: हॅरिएट हार्मन या वकिलांनी भर कोर्टात वाचलेले कागद पत्रकाराला दाखवले, तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) १९८२ मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी तो अवमान ठरवला. नियम नंतर सैल झाला. पण तुमचा दावा सुनावणीआधीच मिटला, त्यामुळे ही वाट बहुधा बंद आहे. मधल्या एखाद्या अर्जाची उघड सुनावणी झाली असेल तर तिचा बंडल (न्यायालयाला दिलेली कागदांची फाइल) आणि दोन्ही बाजूंचे लेखी मुद्दे तपासा. एखाददुसरी ईमेल तिथे निघू शकते. मात्र तसं असलं तरी न्यायालय वेगळा आदेश देऊन तिचा वापर रोखू शकतं.

दुसरी वाट संमतीची. कागद देणारा पक्ष आणि कागद ज्याच्या मालकीचा आहे तो, दोघांचीही हवी. खरं तर ही तडजोडीच्या करारातच लिहून घ्यायची असते. करार पुन्हा काढून बघाच, कारण कागद परत करण्याचं किंवा नष्ट करण्याचं कलमही त्यात असू शकतं.

तिसरी, न्यायालयाची परवानगी. जुन्याच दाव्यात, त्याच क्रमांकाखाली एन २४४ फॉर्मवर अर्ज करायचा. सोबत साक्षीचं निवेदन आणि आदेशाचा मसुदा. प्रत्येक ईमेल तारखेनिशी वेगळी दाखवा आणि ती नेमकी कशासाठी हवी ते लिहा. ‘सगळं डिस्क्लोजर’ असं मोघम मागितलं की अर्ज तिथेच लंगडा पडतो. समोरच्याला सुनावणीच्या किमान ३ दिवस आधी अर्ज पोचायला हवा. क्रेस्ट होम्सच्या १९८७ च्या निकालापासून कसोटी कडक आहे: विशेष कारण दाखवा आणि कागद देणाऱ्यावर अन्याय होणार नाही हेही दाखवा. संबंधित दाव्यासाठी मागणी तग धरू शकते. पत्रकारासाठीची फार अवघड.

आधी वापरून मग परवानगी मागायचा विचार सोडा. मागाहून मंजुरी क्वचितच मिळते, आणि हा न्यायालयाचा अवमान ठरला तर कमाल २ वर्षांची कैद होऊ शकते.

साक्षीदारांच्या निवेदनांना नियम ३२.१२ लागतो, तिथे साक्षीदाराची लेखी संमती चालते.

नव्या दाव्यासाठी वेगळा वकील करणार असाल, तर त्याला ईमेल पाठवू नका, त्यांतला मजकूरही सांगू नका. जुन्या दाव्यातल्या डिस्क्लोजरच्या कागदांसाठी ३१.२२ खाली परवानगी हवी आहे, एवढंच सांगा. अर्ज जुन्या वकिलाकडूनच करवून घेणं सोपं पडेल, कारण ते कागद त्याच्याकडे रीतसर आहेत.